दिपमालाचे पाय

सोनगीरच्या प्रेमराज पाटलांची दिपमाला विमान चालवायला शिकली ती धुळ्याच्या धावपट्टीवर, दोन आसनांच्या छोट्या विमानात. तिथले शिक्षक म्हणायचे, "या पोरीचे पाय जागे आहेत." आडवा वारा सुटला की तिचा पाय आपसूक पेडलवर जायचा, शेपटीचं सुकाणू हलायचं आणि विमानाचं नाक जरासुद्धा भरकटायचं नाही.

मग हैदराबादेत मोठ्या प्रवासी विमानाचं प्रशिक्षण सुरू झालं. विमान खरं नव्हतं. जमिनीवरच उभारलेलं हुबेहूब कॉकपिट. चौथ्या दिवशी तिला पुढच्या विमानानं मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात घातलं. विमान डावीकडे कललं. तिनं उजवा पाय दाबला. ते उजवीकडे फार गेलं, म्हणून डावा. पुन्हा उजवा. समोरचं आभाळ झोके घेऊ लागलं, तेव्हा शिकवणाऱ्या कॅप्टननी यंत्र थांबवलं.

"पाय काढ," ते म्हणाले. "या वेगात पेडल बोटभर दाबलं तरी शेपटीवर केवढा जोर येतो, माहितीय? असं इकडून तिकडे दाबत राहिलीस तर शेपूट तुटून पडेल. कललं तर हातानं सावर. पाय शांत."

तिला कळलं सगळं. वहीत लिहूनही काढलं. पण धक्का बसला की पाय विचारायला थांबत नसत. पहिल्या परीक्षेत तेच झालं, दुसऱ्या परीक्षेतही तेच, आणि विमान कंपनीनं तिला घरी पाठवलं.

त्याला नऊ वर्षं झाली. दिपमाला आता धुळ्यातच शिकवते, आणि उत्तम शिकवते. "इथे पाय जागे ठेवा," ती प्रत्येकाला सांगते, "पण मोठ्या विमानात गेलात की ही सवय इथेच सोडून जा."

गेल्या महिन्यात तिची जळगावची विद्यार्थिनी मयुरी हिचा फोन आला. "मॅडम, पास झाले! भोवऱ्यात घातलं, पण पाय हललाच नाही. आणि काल खरं मोठं विमानही उडवलं."

"शाब्बास गं." मग दिपमाला विचारतच राहिली. पेडलं खरंच तितकी हलकी लागतात का? वर गेल्यावर आवाज कसा येतो? ढगांच्या वर सकाळ कशी दिसते? मयुरीला घाई होती. "मॅडम, नंतर सांगते," म्हणत तिनं फोन ठेवला. फोन बंद झाल्यावरही दिपमाला बराच वेळ तो कानाशी धरून उभी होती.

त्या संध्याकाळी ती सोनगीरला गेली. जेवताना आई, ताईबाई, मोठं विमान कधी येणार ते विचारू लागली, "बेटा, तुनं मोठं इमान कव्हय येई?"

प्रेमराज डोळ्यांनी बायकोला गप्प करू लागले. पोरीनं गेल्या तीन वर्षांत कुठे अर्जही केला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

"येई, माय," दिपमाला म्हणाली.

ताईबाई हरखली आणि तिनं लेकीच्या ताटात आणखी एक कळण्याची भाकरी वाढली.