तांब्यावरचा पेला आणि नवा कंट्रोलर

मंडळी, आज माझा नवा गेमिंग कन्सोल आला आणि पहिल्याच दिवशी अख्खं घर बाहेर पळालं!

आम्ही लातूरचे. भूकंप झाला तेव्हापासून बाबा शोकेसवर तांब्या ठेवून त्यावर पेला उलटा घालतात. तो वाजला की बाहेर पळायचं, हा आमच्या घरचा कायदा.

दुपारी कन्सोल जोडला. गेममध्ये पूल कोसळायचा सीन आपोआप चालू झाला, म्हणून कंट्रोलर शोकेसवर ठेवून मी चहा आणायला आत गेलो. या कंट्रोलरचं व्हायब्रेशन काय सांगू! जुना नुसता गुरगुरायचा. यात पुलाचा एकेक दगड हाताला कळतो.

तो पेल्यालाही कळला.

"पळा रे! पेला वाजायलाय!" बाबा ओरडतच बाहेर. मागोमाग वरच्या खोल्यांत भाड्यानं राहून नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी, बायोलॉजीची पुस्तकं छातीशी धरून. चहाचा कप घेऊन मीही पळालो!

गल्लीत उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेला कंट्रोलरनं वाजवला हे सांगितलं, तशा पोरी हसून हसून पायरीवरच बसल्या. बाबा मात्र गंभीर.

"दाखव मला ते."

आत येऊन त्यांना सोफ्यावर बसवलं, कंट्रोलर हातात दिला आणि पुन्हा पूल पाडला. तळहात थरथरले तसे ते अर्धे उठले. मग हळूच खाली बसले आणि लहान पोरासारखे हसले.

"आणखी एकदा पाड!"

संध्याकाळ झाली, पूल पाडणं चालूच हाय. जरा काही हललं की पळणारा माणूस आज सोफा सोडायला तयार न्हाई. सांगा, आता कंट्रोलर परत कोणत्या तोंडानं मागू?