जर्मनीला जाणाऱ्यांच्या हातावर दही

मी जर्मन शिकवते आणि मी जर्मनीला गेलेले नाही. लोकांना हे पटत नाही. भाजीवालीपासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळे धरूनच चालतात, की मी वर्षाआड तिकडे जाऊन येत असणार. पूर्वी मी समजावून सांगायची. आता कंटाळा येतो.

आमची संस्था रविवार कारंज्याजवळ औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सुरू झाली. एका खोलीत माझं जर्मन, दुसरीत एका गृहस्थांचं रशियन. मधलं पार्टिशन इतकं पातळ होतं, की माझ्या वर्गातली मुलं रशियन आकडे फुकटात शिकली. रशियनला ओझरच्या विमान कारखान्यातले लोक ड्युटी संपवून यायचे आणि मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायचे. पंखा एकच, तोही रशियनकडे.

आता संस्थेचं विद्यापीठ झालंय. त्र्यंबकच्या रस्त्याला काचेची इमारत आहे, दारात देशोदेशीच्या झेंड्यांची रांग आहे. पावसाळ्यात ते झेंडे भिजून काठ्यांना चिकटून बसतात. परदेशी पाहुणे आले, की त्यांना ओवाळायचं, फेटे बांधायचे, द्राक्षांची पेटी द्यायची आणि मग इंग्रजीत भाषणं करायची. इतक्या वर्षांत पाहुण्यांशी जर्मन बोलायचा प्रसंग मला एकदाच आला. एक वयस्कर प्राध्यापक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, की हे डोक्यावरचं फार आवळलंय, कपाळ दुखतंय. मी फेटा सैल करून दिला. आमचा आंतरराष्ट्रीय संवाद म्हणतात तो एवढाच.

पण मुलं मात्र खरोखर जातात. नर्सिंग केलेल्या मुली जातात, आयटीआयवाली मुलं जातात. पेठ-सुरगाण्याकडची एक मुलगी आता तिथल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालते आणि रविवारी मला फोन करते. जाण्याआधी प्रत्येक जण माझ्या घरी येतो. मी तळहातावर चमचाभर दही ठेवते, ते खाऊन तो पाया पडतो आणि विचारतो, "मॅडम, तिकडून काय आणू?" मी म्हणते, काही नको. तरी आणतात. माझ्या फ्रिजचं दार तिकडच्या गावांच्या चुंबकांनी भरून गेलंय. दूध काढताना मी रोज अर्धा जर्मनी उघडते आणि बंद करते.

तिथल्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला. वर्षाला एका शिक्षकाने महिनाभर तिकडे जायचं. पहिल्या वर्षी पाहणीसाठी म्हणून कुलगुरू गेले. नंतर कराराची फाइल सांभाळणारे साहेब गेले, त्यांना जर्मनमध्ये नमस्कारसुद्धा येत नव्हता. या वर्षी मात्र माझं नाव ठरलं. कुलगुरूंनी स्वतः बोलावून तसं सांगितलं. मी लोकरी मोजे घेतले, पासपोर्टचं नूतनीकरण केलं. कुणाला बोलले नाही. दृष्ट लागेल असं वाटलं, या वयात.

महिन्याभराने त्यांनी पुन्हा बोलावलं. "मॅडम, तुम्ही आता निवृत्तीला आलात. विद्यापीठाने पुढचा विचार करायला हवा ना? तरुण माणूस पाठवलं तर त्याचा उपयोग पुढे होतो." मी बरं म्हणाले. भांडायला अंगात जोर लागतो. तो वर्षानुवर्षं दुसऱ्यांची क्रियापदं दुरुस्त करण्यात संपला होता.

तरुण माणूस म्हणजे माझीच विद्यार्थिनी. आता माझ्याच विभागात शिकवते, गुणी आहे. तिचे वडील विंचूरचे, कांद्याचे व्यापारी. ती निघाली त्या दुपारी दोघं माझ्याकडे आले. गाडी खाली उभी होती. विमान मुंबईहून होतं आणि घाटात रस्त्याचं काम चाललं होतं, तेव्हा बसायला वेळ नव्हता. मी दह्याची वाटी आणली. तिने उजवा हात पुढे केला, मी चमचाभर दही ठेवलं.

वडील हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं पोरीला जर्मनी दिसतीय. लय उपकार हाय तुमचे. तुमी तर लय येळा गेल्या असताल?"

"एकदाही नाही."

ते गडबडले. मुलीने लगेच मला सांभाळून घेतलं. "पप्पा, मॅडमचे गुडघे दुखतात ना. या वेळी त्यांनाच विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या म्हणून तर मला मिळालं."

"कोण म्हणालं, मी नको म्हणाले?"

"कुलगुरू सर."

माझे गुडघे दुखतात हे खरं आहे. या वेळीही बरं म्हणून सोडून देता आलं असतं. पण हातात वाटी, समोर तिचा पसरलेला तळवा, तिच्या मागे तो चुंबकांनी भरलेला फ्रिज. मला एकदम फार वाईट वाटलं.

"मी नको म्हणाले नव्हते," मी म्हणाले. "मला जायचं होतं गं. फार जायचं होतं."

खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. वडील चपलांकडे बघत राहिले. ती तशीच हात पुढे करून उभी. दही बोटांच्या फटीतून मनगटाकडे ओघळायला लागलं. ते खावं की खाऊ नये, हे तिला कळत नव्हतं.

"खा," मी म्हणाले. "हातावर ठेवलेलं दही परत घेत नाहीत."

तिने खाल्लं. पाया पडली. काय आणू, हे तिने विचारलं नाही.