मागे कोणीच नव्हतं

मंडळी, माझ्या लाडक्या सायकलपटूनं आज कबूल केलं, की सगळ्या शर्यती त्यानं बंदी असलेली औषधं घेऊनच जिंकल्या.

बायको म्हणाली, "तुमचा कोण लागतो तो? चहा घ्या आधी."

तिला काय सांगू! सहा वर्षांपूर्वी माझा मित्र अवधूत हेच म्हणाला होता. दर रविवारी आम्ही दोघं मांडवीहून पावसला सायकलनं जायचो. समोरून वारा आला की एकानं पुढे राहून तो झेलायचा, दुसऱ्यानं मागे दम खायचा. दमलं की पुढच्यानं कोपर हलवायचं, मग मागचा पुढे यायचा.

पावसच्या टपरीवर तो म्हणाला, "अरे, तुझा तो सायकलपटू काहीतरी घेतो. असं कोण घाट चढतं काय?" मी त्याला चारचौघांत जळकुकडा म्हटलं आणि एकटाच परत आलो. तेव्हापासून बोलणं बंद. तो आता लोट्याला कंपनीत असतो.

आज भिंतीवरचं त्या सायकलपटूचं पोस्टर फाडलं आणि सायकल काढली. भाट्याच्या पुलावर वारा समोरूनच होता. दमलो, सवयीनं कोपर हलवलं. मागे कोणीच नव्हतं.

अवधूत याच ग्रुपवर आहे, कधी काही लिहीत नाही. अवध्या, तुझंच खरं होतं. रविवारी येशील? पहिला वारा मी झेलतो.