तिसरा सिलिंडर

नायगावात दर्शनाची स्कूल व्हॅन हल्ली आवाजावरून ओळखू यायची. सिग्नलला थांबली की पुढच्या सीटखालचं इंजिन खोकायचं. दोनदा आखूड, एकदा लांब. तिचा नवरा धनेश अगदी तसाच खोकायचा. वर्षापूर्वी तो याच व्हॅनच्या स्टिअरिंगवर गेला होता.

पहिलीतली प्राची पुढे बसायला तयार होईना. "खाली काका आहेत," म्हणाली. दोन आयांनी मुलं दुसऱ्या गाडीत घातली. आणखी दोघी गेल्या की दर्शनाला घरीच बसावं लागणार होतं.

रे रोडच्या जयवंत मिस्त्रीने प्लग बदलून पाहिले, फरक नाही. मग सीट उचलून, इंजिन चालू ठेवून तो प्लगच्या वायरी एकेक करून उपटायला लागला.

"वायर काढली की इंजिन आणखी लंगडायला पाहिजे, वहिनी. बघा, पहिली. लंगडलं. दुसरी. लंगडलं."

तिसरी काढली. काहीच बदललं नाही.

"हा सिलिंडर मेलेला," तो म्हणाला.

वायर परत लावून, धुरासाठी शेडचं मागचं दार किलकिलं ठेवून त्याने पुढचं शटर ओढलं. भरदुपारी शेडमध्ये काळोख पसरला. तिसऱ्या वायरीवरून निळी ठिणगी सरपटत इंजिनच्या अंगावर उतरत होती. ती उतरली की खोकला यायचा. दर्शनाने पदर तोंडाशी धरला.

"करंट प्लगपर्यंत पोचतच नाय. वाटेतच कोणीतरी खातंय." इंजिन बंद करून त्याने वायरीवरचा पांढरट, चिकट थर नखाने खरवडला, हुंगला. "नारळाचं पाणी. गाडीला कोण पाजतं हो?"

घरी सासूबाई, राधाबाई, सुकट निवडत होत्या. त्यांनी काही लपवलं नाही.

"दर अवसेक घालतंय. तेका शेवटाक पानी मिळाक नाय."

"आई, त्यानेच गाडी खराब झाली. वायर नवी टाकली, आता नाही खोकणार."

राधाबाई हात पुसून खाली आल्या. दर्शनाने इंजिन चालू केलं. सीटला कान लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"रिकामी आसा," त्या म्हणाल्या. "इकून टाक."

गाडी त्यांच्या नावावर होती.

"अवसेपर्यंत थांबा," एवढंच दर्शना बोलली.

अमावस्येला सकाळी तिने सासूबाईंना नारळ चाकाशी, जमिनीवरच फोडायला लावला. राधाबाई मागच्या सीटवर बसल्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घालू लागल्या. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक सांभाळून घी..."

इंजिन चालू होतं. दर्शनाने भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला, ड्रायव्हरची सीट हळूच उचलली आणि तिसरी वायर उपटली.

दोनदा आखूड, एकदा लांब.

राधाबाईंचा चेहरा सैल झाला. दर्शनाने लगेच वायर परत दाबली. ती खटकन बसली, हाताला कळलं. तरी खोकला थांबेना. तिने पुन्हा दाबली. वायर घट्ट होती. बाकीच्या दोन चाचपल्या, त्याही घट्ट.

गाऱ्हाणं संपलं. राधाबाईंनी सीटवरचा हात काढला, आणि इंजिन सुरळीत चालू लागलं.

"नको इकू," त्या खाली उतरत म्हणाल्या. "जा आता. पोरां वाट बघतत."