बेंचवरचं पाणी

"ईशा, ती नको. ही घे."

मंजिरीने आपल्या मुलीच्या हातातली बाटली काढून बेंचवर ठेवली आणि पर्समधली दुसरी दिली. मराठीत बोलली. आजूबाजूला सगळे आयरिश आईबाप, त्यांना काय कळणार. मला कळलं. बेंचवरच्या बाटल्या मी भरल्या होत्या.

मुलींची ज्युनियर आइस हॉकीची टीम, दोन हजार सतरा सालचा सीझन. माझी मुलगी मैत्री बारा वर्षांची, मंजिरीची ईशा तेवढीच. आमच्याकडे कायमची बर्फाची रिंक नाही, म्हणून शनिवारी आमच्या नावन गावाहून निघून सीमेपलीकडे ब्रिटिशांच्या उत्तर भागात जायचं. बाटल्या सगळ्या टीमच्या. दमून आलेली मुलगी हाताला येईल ती उचलते, हेल्मेटच्या जाळीतून धार तोंडात सोडते, ठेवून देते. भरायचं काम आईबापांनी आळीपाळीने करायचं. त्या दिवशी माझा नंबर होता.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. चूक एकदा दिसली म्हणून मी ओरडत नाही, परत होते का बघते. पुढच्या शनिवारी टॉम नावाच्या एका बापाने पाणी भरलं. ईशा त्याच बाटल्यांतून घटाघटा प्यायली. मग परत माझा नंबर आला आणि परत मंजिरीची पर्स उघडली. झालं. आणखी काय तपासायचं होतं?

सुरुवातीला ती अशी नव्हती. रिंकवर माझं मराठी ऐकून तिने चक्क मिठी मारली. डून लेरीला राहते, घरातून समुद्र दिसतो, नवरा मोठ्या हुद्द्यावर, सगळं पाच मिनिटांत सांगून टाकलं. "गणपतीला यायचंच हं तुम्ही." मग आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून तिच्या हाती काही लागेना.

"मूळच्या कुठल्या?"

"नागपूर."

"अय्या, माझी मावशी धरमपेठेत असते. नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"अच्छा."

हे 'अच्छा' मी शाळेपासून ओळखते. आम्ही बौद्ध. इंदोरा म्हटलं की नागपूर माहीत असलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. गणपती आले, गेले, आमंत्रण काही आलं नाही. तेही मी सोडून दिलं. पण पाणी? इथे येऊन, बर्फाच्या मैदानावर, पाणी?

तरी गप्प बसले. पोरीची टीम आहे, कशाला तमाशा, असं स्वतःलाच समजावत राहिले.

मग एकदा स्वयंपाकघरात मैत्री म्हणाली, "आई, कॅन यू नॉट डू द वॉटर? ईशाज मॅम सेज इट्स नॉट क्लीन." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्याच हेलात, आईला मॅम म्हणणाऱ्या. मी कणीक मळत होते. ती माझ्या हातांकडे बघत होती. तसं तिने कधीच बघितलं नव्हतं.

मंजिरीला काय वाटायचं ते वाटो. माझी पोर माझ्या हातांना घाण समजायला लागली होती.

पुढच्या वेळी मी बाटल्या भरल्या आणि बेंचमागेच उभी राहिले. मंजिरीची पर्स उघडली तसं माझ्या तोंडून आपली नागपुरीच निघाली. "काऊन? हे पाणी काऊन नाही चालत?"

"अगं, ईशाचा घसा नाजूक आहे."

"टॉमनं भरलेलं चालते. माह्यानंच घसा बसते का?"

कोच वळली. "एव्हरीथिंग ग्रँड?" सगळं ठीक ना, हे इथे असंच विचारतात.

"ग्रँड, ग्रँड," मंजिरी हसली. "जस्ट मॅमीज टॉकिंग."

"नो," मी म्हणाले. "नॉट ग्रँड."

आणि मी इंग्लिशमध्ये सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आमच्या देशात काही लोक काही लोकांच्या हातचं पाणी पीत नाहीत. त्याला जात म्हणतात. ही बाई ती जात घेऊन तुमच्या बेंचवर आली आहे. पाणी स्वच्छ आहे, माझे हातही.

टॉम बुटांकडे बघायला लागला. कोच म्हणाली, हे मॅचनंतर बोलू, आणि मॅचनंतर कुणीच बोललं नाही. ईशा त्या दिवशीही पर्समधलंच पाणी प्यायली. गाडीत मैत्री माझ्यावर चिडून रडत होती. सगळ्यांसमोर का बोललीस, म्हणून.

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. जात काय, आपण कोण, तिच्या पणजीला पाणवठ्यावरून कसं हाकललं होतं, ते सगळं. मराठीत सांगितलं. ती ऐकत होती.

सीझन संपला तेव्हा कोचने विचारलं, पुढच्या वर्षी पाण्याचं कोण बघणार. मी हात वर केला. आळीपाळीने नको, म्हटलं, प्रत्येक मॅचला मीच. मंजिरी माझ्याकडे बघत होती. मैत्रीही बघत होती. तिचा राग अजून गेला नव्हता. नसू दे. माझ्यावर चिडली तर चालेल, तिला स्वतःची लाज वाटलेली मी चालवून घेणार नाही. पाणी मीच भरणार. ज्याला चालत नसेल त्याने तहानलेलं राहावं.