केवलराम आत गेला नाही

केवलरामचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, हे आता पद्मनाभपुरात सगळ्यांना माहीत आहे. आमचे हे म्हणतात, "वसुंधरा, बस कर, बीपी वाढेल." वाढू दे! इतकी वर्षं मी त्या कंपनीच्या ऑफिसात काढली, प्रत्येकाची हजेरी, रजा, पीएफ माझ्या हातून गेला. त्या एवढ्या माणसांत मला ज्याची खरी माया होती तो केवलराम, आणि ज्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं तोही केवलरामच. आता सांगतेच सगळं, म्हणजे तुम्हीच ठरवा.

केवलराम कापगते. मूळचा साकोलीकडचा. वडील शेती सोडून भिलाईला पोलादाचा प्लांट बांधायला मजूर म्हणून आले आणि इथलेच झाले. याला काही प्लांटची नोकरी लागली नाही, तेव्हा हा आमच्याकडे आला. आमची फाउंड्री तशी छोटीच. प्लांटला लागणारी जाडजूड चाकं नि रोल ओतून द्यायचे, एवढं काम. केवलराम मोल्डर होता, म्हणजे लोखंड ज्यात ओततात तो वाळूचा साचा तयार करणारा. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि कोणाला 'नाही' म्हणणं त्याला जमतच नसे. कोणी म्हटलं माझी पाळी कर, की हा करणार. त्याची बायको सिंधुताई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "ताई, याईले कोनी विहिरीत उडी मार म्हटलं, तं हे आदी विचारतीन, कोनती विहीर?"

पण गेटवर हाच माणूस वेगळा व्हायचा. संप असो, गेट मीटिंग असो, केवलराम सगळ्यांत पुढे, उन्हात, ढिम्म उभा. संपाची लाइन तोडून आत जाणाऱ्याला तो शिव्या नाही द्यायचा. नुसता बघायचा. त्या बघण्यानं मी चांगले धिप्पाड गडी परत फिरलेले पाहिलेत.

आणि त्याची लेक भूमिका. एकुलती एक पोरगी, कॉलेजात जाणारी, हसरी, बापाशी मराठी आणि जगाशी हिंदी बोलणारी. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. त्यांच्या भंडाऱ्याकडे काय आणि इकडे छत्तीसगडात काय, या आजाराचं नाव घरोघर ठाऊक आहे. दुखणं उसळलं की पोर हातपाय पोटाशी घेऊन कण्हते, मग रक्त चढवावं लागतं. लहानपणापासून इतक्यांदा चढवलं की पुढे पुढे कोणाचंही रक्त तिच्या अंगाला चालेना. गट जुळला तरी ताप भरायचा, अंगावर पुरळ यायचं. डॉक्टरांनी तपासून तपासून चालणारी माणसं शोधली. मोजकी निघाली, आणि देवाची करणी बघा, ती जवळपास सगळी आमच्याच शॉपमधली, म्हणजे कारखान्यातली! हेमराज चौधरी नावाचा क्रेन ऑपरेटर होता, तोंडानं महा फटकळ, पण त्याचं रक्त भूमिकाला सगळ्यात चांगलं लागू पडायचं. केवलरामनं नुसतं त्याच्याकडे बघायचा अवकाश, हेमराज क्रेनवरून उतरून बाइकला किक मारायचा. वर म्हणायचा, "चाल बे, तुह्या पोरीचं पेट्रोल भरून येऊ."

हे सगळं आधी का सांगितलं, ते आता कळेल.

आमचे मालक, मोठे साहेब, वारले आणि कंपनी विजयबाबूंच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या हातात आली. विजयकुमार वाईट माणूस नव्हता, पण त्याचा जीव फाउंड्रीत नव्हता. एक दिवस त्यानं सगळ्यांना शॉपमध्ये जमवलं. म्हणाला, आपली कंपनी ओडिशातल्या एका मोठ्या कंपनीत विलीन होते आहे. नोकरी कोणाचीच जाणार नाही. सर्व्हिस तुटणार नाही, पगार तोच. फक्त शॉप इथून उठून तिकडे जाईल, झारसुगुड्याच्या पलीकडे. ज्याला यायचं त्यानं यावं.

सगळे आपापसात कुजबुजायला लागले. घर, शाळा, म्हातारे आईबाप, जो तो आपलं रडगाणं गात होता. केवलराम मात्र एकदम माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "वसुंधराताई, हे सारे गेले, तं माह्या पोरीले रक्त कोन देईन?"

मी म्हटलं, "भाऊ, मालकाच्या मनात आलं म्हणून कंपन्या अशा विलीन होत नसतात. ट्रिब्युनलची, म्हणजे कंपन्यांच्या कोर्टाची मंजुरी लागते."

आणि हे खरंच होतं. कटकच्या ट्रिब्युनलनं हुकूम दिला की आधी भागधारकांची सभा घ्या, त्यांचं मत घ्या, मग आमच्याकडे या. आता गंमत अशी, की मोठ्या साहेबांनी एका विश्वकर्मा पूजेला आपल्या जुन्या कामगारांना कंपनीचे थोडेथोडे शेअर वाटले होते. प्रेमानं, प्रसादासारखे. शेअर एवढेसेच, पण त्यामुळे केवलराम, हेमराज, सगळी जुनी मंडळी कायद्यानं भागधारक. सिव्हिक सेंटरला एक वकील बसतात, त्यांच्याकडे मी स्वतः केवलरामला घेऊन गेले. वकिलांनी नीट समजावलं. सभेत मत देणाऱ्यांमध्ये दोन गोष्टी जुळाव्या लागतात. शेअरच्या किमतीनं चारातले तीन हिस्से बाजूने हवेत, आणि डोकी मोजली तरी निम्म्याहून जास्त माणसं बाजूने हवीत. किमतीत विजयबाबूंचं घराणं भारी होतं. पण डोकी? घरचे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि आमचे लोक त्यांच्या कितीतरी पट!

"जा, आत बसा, चिठ्ठीवर विरोध लिहा आणि घरी या," वकील म्हणाले. "प्रस्ताव तिथेच पडतो."

बाहेर येऊन केवलरामनं मला चहा पाजला. मी त्याला इतका मोकळा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मग त्या हेमराजनं घोळ घातला. नाही, एकट्या हेमराजवर कशाला ढकलू, सगळ्यांनाच ते पटलं. झालं असं की त्यांच्या पतसंस्थेत मागच्या साली एका अध्यक्षाला या लोकांनी सभेवर बहिष्कार टाकून पाडलं होतं. कोणी आत गेलंच नाही, कोरम भरला नाही, सभा रद्द. तोच डाव इथे खेळायचं ठरलं. हेमराज म्हणे, "आत जाऊन सही कायले करायची? आपुन गेलोच नाई तं मीटिंगच नाई. मीटिंग नाई, तं मंजुरी कायची?"

खरं कारण त्याच्याही खाली होतं, ते मला दिसत होतं. आत विजयबाबूंची म्हातारी आई बसणार होती. या बाईनं यांच्या लग्नात अक्षता टाकल्या, हरेक विश्वकर्मा पूजेला स्वतः वाढलं. तिच्या समोर बसून चिठ्ठीवर 'विरोध' लिहायचा यांना धीर नव्हता. गेटबाहेर घोषणा द्यायला काही छाती लागत नाही. मी केवलरामला बजावलं, "भाऊ, वकिलांनी काय सांगितलं ते विसरलात का?" तो म्हणाला, "मी सांगतलं साऱ्याईले, ताई. पन थे म्हन्तेत बहिष्कार, तं बहिष्कार."

सभा कंपनीच्या कँटीनच्या हॉलमध्ये ठेवली होती. ट्रिब्युनलनं नेमलेल्या रायपूरच्या एक वकीलबाई अध्यक्ष होत्या. शांत बाई, बोलणं स्वच्छ. मी दाराशी, हजेरीच्या टेबलावर. आत विजयबाबू, त्यांची आई, भाऊ, भावजया, एवढेच. बाहेर गेटवर आमची सगळी पलटण, आणि घोषणा अशा की पत्रे हलत होते. सभेची वेळ झाली. अध्यक्षबाईंनी मोजलं, कोरम नव्हता. माझ्या मनात आलं, बाप्पा, खरंच जमलं की काय यांचं!

तेवढ्यात त्या हिंदीत म्हणाल्या, "आदेशाप्रमाणे आपण अर्धा तास थांबू. त्यानंतर जेवढे हजर असतील, तेवढ्यांनाच कोरम मानून सभा चालेल."

जेवढे हजर तेवढेच? म्हणजे आतले मूठभर हेच सगळे, आणि बाहेरचे कोणीच नाहीत? मी टेबल सोडलं आणि पदर खोचून पळाले. विजयबाबू मागून "मॅडम, कुठे?" म्हणत राहिले, मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गेटवर पोचले तेव्हा धापा टाकत होते. ओरडले, "केवलरामभाऊ, आत चला! सगळे चला! अर्ध्या तासानं आतल्या लोकांवरच सभा होणार आहे. तुमचं कोणी मोजणारच नाही!"

हेमराजनं टाळी वाजवली. "पाहा! कोरम तुटला म्हून बोलवाले धाडलं! मालकाचं मानूस गेटवर आलं, म्हंजे आपुन जितलो!"

आणि हसले की हो सगळे! जल्लोष सुरू झाला. माझ्या तोंडावर! मी मालकाचं माणूस! मी म्हटलं, "मेल्यांनो, मी तुमच्यासाठी पळत आले." पण ऐकतो कोण? त्यांच्या सगळ्या संपांत असंच झालं होतं. आधी ऑफिसचं कोणीतरी घाबरून बोलवायला यायचं, मग मालक नमतं घ्यायचा. ही शिकवण त्यांच्या हाडात भिनली होती. ती खोटीही नव्हती. फक्त इथे ती चालत नव्हती.

मी केवलरामचा दंड धरला. "तुम्ही चला. तुम्ही निघालात की हे मागे येतील. भूमिकासाठी चला हो!"

त्याला माझं पटलं होतं. आजही छातीवर हात ठेवून सांगते, पटलं होतं. त्यानं एक पाऊल उचललं. मग मागे वळून पाहिलं. हेमराज त्याच्याकडे बघत होता. ओरडत नव्हता, हसत नव्हता, नुसता बघत होता, जसा केवलराम आयुष्यभर लाइन तोडणाऱ्यांकडे बघत आला तसा. केवलरामनं पाय मागे घेतला.

"तुमी जा, ताई," तो म्हणाला.

मी गेले. आत चिठ्ठ्या पडल्या, सगळ्या बाजूने. डोकी मोजली तरी सगळी बाजूने. बाहेर त्याच वेळी पेढे वाटणं चालू होतं.

पुढे मंजुरीच्या दिवशी वकिलांच्या ऑफिसातून व्हिडिओवर सुनावणी झाली. कायद्यानं हरकत घ्यायला एकूण शेअरचा दहावा हिस्सा तरी हातात लागतो. यांचे सगळ्यांचे एकत्र करूनही तेवढे भरत नव्हते. तरी न्यायाधीश साहेबांनी केवलरामला बोलू दिलं. ते उपकारच.

"तुमचा विरोध होता, तर सभेत मत का नाही दिलं?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

"हमने विरोध ही किया, साहब. बाहर खड़े रहे."

"आत जायला कोणी अडवलं होतं?"

वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं. केवलरामनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नहीं साहब. मॅडम बुलाने आई थीं."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेब सौम्यपणे म्हणाले की बाहेर उभ्या असलेल्याचं मत मोजायची कायद्यात सोय नाही. योजना मंजूर झाली. यात कोणाची लबाडी नव्हती, म्हणून तर जास्त जळफळाट होतो. शिव्या द्यायला माणूसच सापडत नाही.

शॉप उठलं. माणसं एकेक करून बोरियाबिस्तर बांधून गेली. न जाऊन करतील काय, पोटाचा प्रश्न. हेमराज जाताना केवलरामच्या गळ्यात पडून हमसून रडला. केवलराम गेला नाही. भूमिकाचे डॉक्टर इथे. त्यानं नोकरी सोडली, आणि आता तो स्मृती नगरात एका अपार्टमेंटच्या फाटकावर वॉचमन आहे.

मागच्या आठवड्यात सिंधुताईचा फोन आला. मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. भूमिका पलंगावर मुटकुळं करून पडली होती, ओठ पांढरे पडलेले. डॉक्टर रक्त आजच हवं म्हणत होते. इथे तपासलेलं एकाचंही जुळलं नव्हतं. हेमराज झारसुगुड्याहून गाडीत बसला होता, पण गाडी कुठेतरी रखडली होती. केवलराम पोरीचे पाय चेपत होता. सिंधुताई खिडकीशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

भूमिकानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, त्या दिवशी काकू बोलवायला आल्या होत्या ना? मग तुम्ही आत कावून नाही गेले?"

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. केवलरामचे हात थांबले. मग तो हळू म्हणाला, "बेटा, तुले रक्त देनारे सारेच बाहेर उभे होते. त्याईले सोडून मी आत कसा जाऊ?"

पोर रागावली नव्हती, नुसती दमली होती.

"पर बाबा," ती म्हणाली, "आता तर ते सगळे गेलेच ना."