मावशीच्या खानावळीत 'नाइस' म्हणायला बंदी होती

"'नाइस' म्हणालास तर पुढची पोळी मिळणार नाही."

माझी सुमनमावशी हे गमतीने म्हणायची नाही. खरंच वाढायची नाही.

वारज्यात तिची खानावळ होती. पंधरा-सोळा मुलं, सगळी नोकरीवाली, बहुतेक परराज्यातली. मी तिच्याकडेच राहायचे आणि रोज खराडीला ऑफिसला जायचे.

एका रविवारी मी बाहेरून जेवून आले, तर मावशी वही उघडून बसलेली.

"मला चवीचं इंग्लिश शिकव."

"आता? साठीनंतर?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

झालं असं होतं की त्या दुपारी सगळ्यांच्या वाट्यांत आमटी तशीच राहिली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर एकेक जण म्हणाला, "नाइस, आंटी."

"नाइस ही चव नाही," मावशी म्हणाली. "आमटीचं काय बिघडलं ते त्यांना सांगता आलं पाहिजे आणि मला कळलं पाहिजे."

मग रोज पाच शब्द. टँगी, ब्लँड, स्मोकी, सॉगी, स्टेल.

तुरटला इंग्लिशमध्ये ॲस्ट्रिंजंट म्हणतात हे ऐकून म्हणाली, "एवढं बोलेपर्यंत आवळा खाऊन होईल."

खमंगला शब्द सापडेना. "नसेलच त्यांच्याकडे. तो पोरं मराठीत शिकतील."

शिकली की!

केरळचा जिबिन सगळ्यात भित्रा. एकदा मावशी पोळी हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बोल."

"आंटी... सॉफ्ट. बट स्लाइटली बर्न्ट."

"शाब्बास. ही घे, न जळलेली."

मावशी स्वतः मात्र काही चाखायची नाही. विचारलं तर म्हणायची, "नैवेद्याचं कुठे चाखतात? माझ्याकडे रोजच नैवेद्य."

मला केवढं कौतुक वाटायचं. मूर्ख मी.

दिवाळीच्या साफसफाईत मी डबे घासले आणि भरताना साखरेच्या डब्यात मीठ भरलं. दुसऱ्या दिवशी मावशीने चहा केला. मी पहिलाच घोट थुंकला.

समोर मावशीचा अर्धा कप संपला होता.

मला कळायला थोडा वेळ लागला.

"कधीपासून, मावशी?"

"तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. तिखट तेवढं झोंबतं. बाकी सगळं सारखंच."

"सांगितलं का नाहीस?"

"चव न लागणाऱ्या बाईकडे कोण जेवायला येईल गं?"

मी रडायला लागले. ती वैतागली.

"रडतेस काय! चहाला काय झालंय ते सांग. इंग्लिशमध्ये."

"सॉल्टी. अनड्रिंकेबल."

"हा नवीन आहे. वहीत लिही."

रडता रडता लिहिला. वही अजून माझ्याकडे आहे.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतरची तीन वर्षं ती खानावळ या मुलांच्या जिभेवर चालली आणि त्यांना पत्ताही नव्हता. आज इथे वाचून कळेल. मुलांनो, आमटी चांगली व्हायची त्यात तुमचाही वाटा होता.

आज मावशीचं वर्षश्राद्ध. जुनी मुलं झाडून सगळी आली. स्वयंपाक मी केला. श्राद्धाचं चाखत नाहीत, म्हणून सगळं अंदाजाने. आधी मावशीचं पान वाढलं, मग पंगत बसली.

जिबिनने आमटीचा भुरका मारला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"नो सॉल्ट, ताई. ॲट ऑल."

मग दुसरा भुरका मारून म्हणाला, "पण फोडणी खमंग."

या घरात वर्षभराने एवढं हसणं ऐकलं.

मीठ नंतर घातलं गं. पण तुझ्या पानावर आमटी अळणीच गेली, मावशी.

तिकडे तुझी चव परत आली असेल, तर तुला कळलंच असेल.

आली असू दे.

मनसोक्त नावं ठेव माझ्या आमटीला.